कण्हेरीमागचा चढ

बाबा, बागेतल्या छोट्या रेल्वेचं ते इंग्रजी मासिक अजून निघतं. तुमच्या साहेबांचा भाऊ विलायतेहून जुने अंक पाठवायचा, तेव्हा त्याचा कागद जाड होता. आता मी वर्गणी भरतो, आणि कागद पातळ झाला आहे. जबलपूरला, विजय नगरच्या याच व्हरांड्यात, तुमच्याच वेताच्या खुर्चीत बसून मी ते वाचतो. भिंगही तुमचंच आहे. मासिकाबद्दलचं माझं मत तुमच्यापेक्षा फार वेगळं झालेलं नाही. मला त्या लोकांवर विश्वास नाही.

त्यांच्या रुळांवर कधी पान पडलेलं नसतं. डेरेदार झाडाखालून गाडी चालली आहे आणि खाली एकही पान नाही, हे कसं शक्य आहे? आपल्या पेरूखालचा रूळ सकाळी झाडला तर दुपारी दिसेनासा होतो. पावसाळ्यात आठवडाभर बघितलं नाही की दूब सगळी लाइन गिळून टाकते. त्यांचं गवत मात्र रुळापर्यंत येऊन अदबीनं थांबतं. खार नाही, मुंग्यांचं वारूळ नाही, डब्यात झोपलेलं मांजर नाही. इंजिनांची परीक्षणं छापतात, त्यात प्रत्येक इंजिन उत्तम, आणि पान उलटलं की त्याच इंजिनाची जाहिरात. उलटलेल्या गाडीचा फोटो मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिला नाही.

तुम्ही तर फोटो बघायचा नाहीत, तपासायचात. ऑफिसातून, सिविल लाइंसहून सायकलवर घरी आलात की चहा घेऊन भिंग मागायचा. "हा धूर कापसाचा आहे," म्हणायचा. "ही सावली बघ. गाडी उभी आहे, चालून नाही राहिली." एकदा एका गोऱ्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवून मला जवळ बोलावलंत. तो आपल्या इंजिनाशेजारी ऐटीत उभा होता. "याच्या गुडघ्याला माती पाहा. म्हणतो, गाडी आपोआप चालते. मग हा काहून गुडघ्यावर बसला होता? ढकलतात लेकाचे. ढकलतात आणि फोटो काढतात."

तुमची लाइन घराभोवती फिरायची. जबलपूरहून सुटणारी छोटी लाइन तुमची लाडकी, म्हणून इंजिन तिच्यासारखं. त्याचा सांगाडा रिछाईच्या एका कारखान्यात तुम्ही सुट्टीच्या दिवशी बसून करवून घेतलात. रूळ म्हणजे लोखंडी पट्ट्या, सागाच्या तुकड्यांवर उभ्या ठोकलेल्या. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची, बॅटऱ्या मागच्या डब्यात. पुढचं अंगण सपाट होतं, पण घरामागे, पाण्याच्या टाकीजवळ चढ होता, आणि तिथे कण्हेरीचं दाट कुंपण होतं. गाडी चालायची तेव्हा तुम्ही हिरवी झेंडी घेऊन त्या कण्हेरीमागे उभे राहायचा. "तिकडे सिग्नलवाल्याशिवाय कोणी यायचं नाही," हा तुमचा नियम. आम्ही कधी गेलो नाही.

खंडेनवमीला आई विळी, अडकित्ता आणि तुमचा हातोडा पाटावर मांडायची, त्यांच्या शेजारी इंजिन. दसऱ्याला संध्याकाळी व्हरांड्यात लोक जमायचे, आपल्या समाजातले आणि शेजारचे हिंदी लोकही, आणि सोनं वाटायला तुमची गाडी यायची. डब्यांत आपट्याची पानं भरलेली. समोरून सुटून ती घरामागे जायची, मग सगळे गप्प. जरा वेळानं कण्हेरीतून बाहेर निघायची आणि टाळ्या पडायच्या. शेजारचे चाचाजी दरवर्षी एकच बोलायचे, "भाईसाहब, असली रेल से तो आपकी रेल टाइम पर आती है." तुम्ही मागून येऊन म्हणायचा, "आपल्या जोरावर चढते." आणि आई, बशा उचलता उचलता, "काहून हो, आजच्या दिवशी नवा पायजामा, आणि गुडघ्याला ही माती?"

ही माती मी तेव्हा पाहिली होती. पण भिंगातून पाहिली नव्हती.

पदवीनंतर मी बरेच दिवस घरी बसलो होतो. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर जेवत होता, ऑफिसची घाई होती. मी दारात उभा राहून म्हटलं की तुमची इतक्या लोकांशी ओळख आहे, कुठेतरी शब्द टाका. तुम्ही घास खाली ठेवलात. "माझी गाडी कोणी ढकलून राहिलं काय? चढते ना ती? मग तू पण चढ." आई तव्यासमोरून म्हणाली, "गाडी लोखंडाची आहे. हा नाही." तुम्ही हात धुऊन निघून गेलात. मी त्या दिवसापासून तुम्हाला काहीच मागितलं नाही. नंतर रिछाईच्या एका कारखान्यात स्टोअरच्या जागेसाठी अर्ज केला. मालकानं माझे कागद उघडलेही नाहीत. "रेल वाले बाबूजी के लड़के हो? चल रही है उनकी रेल?" मी म्हटलं, जी, चलती है. "अच्छा. चलो, सोमवार से आ जाओ." निवृत्त होईपर्यंत मी तिथेच काम केलं. लग्नाच्या बोलणीत सांगितलं, मुलीला सांगितलं, कुणाच्या शब्दावर लागलो नाही, आपल्या जोरावर लागलो. तुम्ही ते ऐकून मान हलवायचा.

यंदा श्रावणात आलेल्या अंकात पुन्हा एक माणूस होता, इंजिनाशेजारी उभा, आणि त्याच्या एका गुडघ्याला माती. सवयीनं मी भिंग उचललं. तुमचं वाक्य आठवलं, आणि लगेच आईचं. मग ते कण्हेरीचं कुंपण. मग रिछाईचा तो मालक, आणि त्याच्या टेबलावरचे माझे न उघडलेले कागद. तुमचं इंजिन कुठल्या कारखान्यात झालं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला तुम्हीही नाही आणि तो मालकही नाही. एवढं मात्र माझ्या हातात होतं, की गाडी चढते का ते बघावं. ती चढली तर तुम्ही खरं बोललात, आणि मग मीही.

म्हणून तुमची लाइन पुन्हा टाकली. जुन्या पट्ट्या घासल्या, कुजलेलं लाकूड बदललं. मोटर तीच ठेवली. नवी टाकली असती तर कशाचाच निकाल लागला नसता. बायको म्हणाली, "या वयात टाकीमागे वाकून काय करून राहिले तुम्ही?" मी म्हटलं, छंद. चाचणी आधीच घ्यायची होती, पण परतीचा पाऊस लांबला आणि शेवटची पट्टी दसऱ्याच्या दुपारीच बसली. मुलगी पुण्याहून आली होती. तिनं शेजाऱ्यांना बोलावून ठेवलं. तिला मराठी समजतं, बोलते हिंदीच. "पापा, वीडियो बनाऊँगी, आपकी मैगज़ीन को भेजेंगे." त्या मासिकात वाचकांचे फोटो छापतात, धावत्या गाड्यांचे म्हणे.

मी कण्हेरीमागे उभा राहिलो. झाडी आता आणखी दाट झाली आहे. समोर डब्यांत सोनं भरलं, मुलीनं बटण दाबलं आणि गाडी आवाज करत वळणावर आली. चढाला लागली. वेग कमी झाला. मोटरचा आवाज जाडा झाला, तो आवाज मला लहानपणापासून माहीत आहे, फक्त तो मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. व्हरांड्यात सगळे गप्प झाले होते. त्या गप्प बसण्याचं ओझं इकडे उभ्या माणसावर कसं येतं, ते मला तेव्हा कळलं. इंजिन अगदी हळू, पण चालत होतं. मला नुसतं बघायचं होतं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप केला होता.

गाडी कण्हेरीतून बाहेर पडली तेव्हा टाळ्या पडल्या. मुलीनं व्हिडिओ दाखवला, छान आला आहे. त्यात गाडीमागून मी येताना दिसतो, पण कमरेच्या वरच. "अपने आप चढ़ी ना, पापा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आपल्या जोरावर." बायकोनं माझ्या पायजाम्याकडे पाहिलं आणि ती बशा उचलू लागली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. श्रावणाच्या त्या अंकात ठेवून देतो. एवढंच सांगायचं राहिलं, बाबा, की इंजिन थांबलं नव्हतं. थांबायच्या आधीच मी हात लावला. त्यामुळे गाडी चढली असती की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.