दुसऱ्या रस्त्यानं दुकानात

लाडक्या चिऊ,

तू कशी आहेस? शेजारच्या खाटेवरची मैत्रीण बरी आहे ना? नर्सताईंचा गुडघा अजून कुरकुरतो का?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हिला बारीकसारीक फार दिसतं, आणि एकदा धरलेला नियम सुटता सुटत नाही." अगं, तो माझाच गुण! तुझं उपाशी राहणंही मला आधी शिस्तच वाटलं, मी कौतुक केलं. चुकलो गं.

बाईंनी तुला रोज एक नियम मोडायला सांगितलाय, म्हणून काल मीही चाळीस वर्षांचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं दुकानात गेलो. दोनदा मागे वळलो. तेव्हा कळलं, तुझा एक जादा घास केवढा असतो.

खाण्याचं लिहू नका, असं बाईंनी बजावलंय. म्हणून हे पत्र खणातच राहील. तरी उत्तर लवकर लिही.

तुझा घड्याळजी आजोबा