आमच्या घरात काना

१६ जून, सोमवार. जेवणाची सुट्टी.
आजपासून मनू पहिलीत. तिला शाळेत सोडायला बायको नम्रता आणि माझे वडील, तात्या, गेले. लालबागच्या घरापासून शाळा सात मिनिटांवर. मी इथे ओमानमध्ये, सलालाच्या बंदरावर, कंटेनरांना साखळ्या बांधतोय. ठरवलं: मुलीची पहिली मी स्वतः बघणार. इथून. मी पाचवीत शाळा सोडली, पण पहिली पूर्ण केलेली आहे. तेवढी पुरते. तसं नम्रताला कळवलं. तिने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा?
ही वही कोणी वाचणार नाही. शुद्धलेखन बघायचं नाही, माझं लिहिलेलं मलाच लागतं.

१८ जून.
वर्गाच्या ग्रुपमध्ये मला घेतलं. सुनेत्रा बाईंनी कागद टाकलाय: 'पहिलीच्या वर्षात पालकांनी काय अपेक्षा ठेवावी'. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती, म्हणून रूममधल्या जयवंतकडून मोठ्याने वाचून घेतला. तो भायखळ्याचा, दहावी नापास, पण खणखणीत वाचतो.
'मूल सुरुवातीला रडेल.' आधीच कशाला सांगून ठेवतात? काहीतरी करणार असतील.
'इतर मुलांशी तुलना करू नये.' म्हणजे बाकीची पोरं पुढे गेलीत.
'मूल घरी अर्धवट सांगेल, गैरसमज करून घेऊ नये.' हे सगळ्यात डेंजर. जयवंत म्हणाला, भाई, ही पोरांची तोंडं बंद करायची तयारी आहे.

२३ जून.
मनू आठवडाभर रडली नाही. नम्रताला विचारलं, का नाही रडली? म्हणाली, मग काय करू, चिमटा काढू?


५ जुलै.
इथून व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, व्हॉइस मेसेज जातो. आजपासून रोज साडेपाचला मनूचा अभ्यास. पहिला धडा पाठवला: अ ते ज्ञ म्हणून दाखव. तिने धाडधाड म्हणून दाखवलं. वर म्हणाली, आता तू म्हण. मी 'प' पर्यंत गेलो. पुढे नेटवर्क गेलं असं कळवलं.

१९ जुलै.
अभ्यास बंद. धुकं फार आहे इथे.

४ ऑगस्ट.
मनूचा मेसेज, चार सेकंदांचा: 'बाबा, आज काना आला!' मागे गल्लीत हंडीच्या सरावाचा ढोल. अकरा वेळा ऐकला.
कोण काना?

५ ऑगस्ट.
संशय दाखवायचा नाही असं ठरवून विचारलं, काय गं, काना बरा आहे ना? म्हणाली, 'माझा वाकडा होतो. आईचा एकदम सरळ आहे. उंच.'
आईचा!
जेवण गेलं नाही. फक्त बिर्याणी खाल्ली.
जयवंतचं म्हणणं, लालबागमध्ये या दिवसांत काना म्हणजे एखादा कान्हा, हंडीतला. वरच्या थरावर चढणारा. सडपातळ असणार. मी आरशात बघितलं. उद्यापासून भात बंद.

७ ऑगस्ट.
भात खाल्ला. आज मनू म्हणाली, 'मी काना विसरले तर आई ओरडली. म्हणाली, काना नसेल तर सगळा अर्थच जातो.'
मी तीन वर्षं घरात नाही, तेव्हा अर्थ गेला नाही. हा चार दिवस आला तर अर्थ.

९ ऑगस्ट.
कार्ड घालून तात्यांना साधा फोन लावला. घरात कोण येतं-जातं का? म्हणाले, 'कोण येतलो रे झिला? दूधवालो येता, गॅसवालो येता. तू तेवढो येणस नाय.' मग सरळच विचारलं, आणि काना? म्हणाले, 'कान? एक गेलो मेलो. दुसऱ्यान भागवतंय.'
तात्यांनाही फितवलंय.

१२ ऑगस्ट. संध्याकाळी ५.४०.
मनू: 'बाबा, आई म्हणते तुझ्यात दोन काने आहेत!'
आता दोन झाले. बस्स.
नम्रताला मेसेज रेकॉर्ड केला. चौथ्या वेळी आवाज पाहिजे तसा लागला: 'नम्रता, तो काना माझ्या घरात दिसता कामा नये. एक असू दे नाहीतर दोन. पोरीला त्याची सवय लावू नकोस. मी आलो की उभ्याला आडवा करीन.' पाठवला. हलकं वाटलं.

६.०५.
मेसेज वर्गाच्या ग्रुपवर गेला. नम्रताच्या नावाजवळ मनूचा गणवेशातला फोटो, ग्रुपवरही गणवेशातली पोरं. कोणाचीही चूक होईल. जयवंत ओरडला, डिलीट कर, सगळ्यांसाठी डिलीट. घाईत 'फक्त माझ्यासाठी' दाबलं गेलं. आता तो मला दिसत नाही. बाकी सेहेचाळीस पालकांना दिसतो.

६.२०.
सुनेत्रा बाईंचं उत्तर. जयवंतने वाचलं, हळू आवाजात: 'मनूचे बाबा, काना म्हणजे अक्षरापुढची उभी रेघ. या महिन्यात सगळ्याच मुलांकडे येतो. "बाबा" या शब्दात दोन आहेत. कृपया आडवा करू नये, अक्षर बिघडते.'
खाली हसणारे चेहरे. कोणीतरी लिहिलंय, आमच्याकडेही आलाय, चहा घेतल्याशिवाय जात नाही.

१३ ऑगस्ट.
गैरसमज नव्हता. आमच्या वेळी त्याला दांडी म्हणायचे. नावं बदलली की माणूस कसा ओळखणार?
नम्रता एरवी मला तू म्हणते, रागावली की अहो. आज मेसेज आला: 'अहो, माझ्यावर संशय घेतलात तो घेतलात. पण उद्या शाळेच्या गेटवर मी उभी राहणार आहे, तुम्ही नाही.'
माफीचा मेसेज तीनदा रेकॉर्ड केला. तिन्ही पुसले. ती ऐकवेल कोणालातरी, असं वाटलं.

१६ ऑगस्ट.
तिकडे हंडी फुटली. नम्रताचा तीन दिवस मेसेज नाही. मनूचाही नाही. मीच पाठवला, न पुसता: 'चुकलं माझं. मला वाचायला अवघड जातं. लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं.'

१७ ऑगस्ट.
नम्रता म्हणाली, 'तू' म्हणूनच: लग्नाच्या आधीच कळलं होतं मला. मेनूकार्ड उलटं धरून मिसळ मागवली होतीस. पहिली बघणार होतास ना? बघ मग. उद्यापासून वहीचं पान तुलाही येईल.

१८ ऑगस्ट.
पान आलं. चित्रं बघून कान्याचे दहा शब्द लिहायचे. लिहून फोटो पाठवला. सगळे बरोबर असणार.

१९ ऑगस्ट.
मनूने तपासलं. 'बाबा, दहातले चार बरोबर. उरलेले सहा पाच-पाच वेळा लिही. आणि जयवंत काकांचं बघून लिहायचं नाही.'
हे तिला कोणी सांगितलं? जयवंत शपथ घेतोय, मी नाही.
बरोबर आलेले चार त्याचेच होते.