नामावळीची वही

२ जुलै, बुधवार
गुरुजींच्या वह्या कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मिळालं! रामकुंडावर विधीला आलेले लोक या नामावळीत स्वतःच्या हातानं नावं लिहून जातात – गेलेल्यांची आणि असलेल्यांची. सगळं गावाप्रमाणे लावलेलं. कुंभाच्या आधी टाईप करून हवंय, मग वह्या पेटीत.

हरसूलकडची गावं याच गुरुजींकडे, म्हणजे आमचं घराणंही. रविराजदादा इथे आला असेल का कधी? घर सोडून नऊ वर्षं झाली. बाबा गेले तेही त्याला कळवता आलं नाही.

५ जुलै
आडनाव टाकून शोधलं. काही नाही. असणार कसं – मी टाईप केलंय तेवढंच त्या कॉम्प्युटरला माहीत!

९ जुलै
पणजोबांची सही सापडली. इतका जोर देऊन लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. मी टाईप केलं – गोटीराम. दिसायला सगळ्यांसारखंच झालं. वाईट वाटलं.

आईला सांगितलं, तर तिचं नेहमीचं सुरू. "तू तो घरचा फोन काढलास, तिथंच घोळ झाला. त्याला तेवढाच नंबर पाठ होता." सहा वर्षं हेच ऐकतेय! हातात मोबाईल असताना लँडलाईनचं काय लोणचं घालायचं होतं? "रुसून गेलेला माणूस फोन करत नसतो," असं बोलून गेले. आई जेवली नाही. बोलायला नको होतं.

१४ जुलै
मान धरली. गुरुजी म्हणतात, "सावकाश करा, पण चुकू नका. पितर आहेत ते."

१८ जुलै
दादाचं अक्षर! डावखुऱ्याचं, डावीकडे कललेलं. मागच्या वर्षीची वही. बाबांचं वर्षश्राद्ध करून गेलाय. बाबा गेल्याचं गावाकडच्या कुणाकडून तरी कळलं असणार. खाली – आई कुसाबाई, बहीण प्रतिभा.

रामकुंडावर आला, आणि दोन गल्ल्यांवरच्या घरी आला नाही! एवढा राग आला की वही मिटून निघून आले. आई म्हणाली, "आहे ना पण? बरा आहे ना?" आणि पदर तोंडाला लावून बसली.

१९ जुलै
त्याची ओळ टाईप केली. शेवटचा रकाना फोनचा – काल रागात बघितलाच नव्हता. तिथे आमच्या लँडलाईनचा नंबर. घरी यायच्या आधी लावून बघितला असेल. "हा नंबर अस्तित्वात नाही" ऐकून, आता आम्ही इथे राहत नाही असं वाटून परत गेला असेल.

त्या ओळीखाली पेननं माझा मोबाईल नंबर लिहिला. पितृपक्ष दीड महिन्यावर आलाय. गुरुजींना म्हटलं, एवढी एक वही बाहेर राहू द्या.