सुमन वाचत होती ती कादंबरी

२ जुलै २०२४, मंगळवार

सुमनच्या मोबाईलमध्ये कादंबरी सापडली. नाव ‘बेलगाम विक्रांत’! वर चित्र — उघड्या छातीचा पोरगा, मोटरसायकल, मागे आग लागलेली. सुमनच्या मोबाईलमध्ये!

माझी बायको जाऊन पाच महिने झाले. लाइन बंद करायची म्हणून फोन चार्जिंगला लावला होता. सुरू झाल्याबरोबर अक्षरं उमटली — ‘तुमची कथा अपुरी राहिली आहे. पुढे वाचा : भाग ४१.’

एकूण चौसष्ट भाग आहेत. मला वाटायचं ती त्यात रेसिपी बघते.

३ जुलै

बहारीनच्या नियमाने आता दुपारी बारा ते चार उन्हातलं काम बंद. मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपच्या मागे गाडी सावलीत लावली, एसी सुरू केला आणि पहिला भाग वाचला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी! कोणी काचेतून बघेल म्हणून फोन एसी-चिलरच्या कॅटलॉगमध्ये धरला.

विक्रांत हा श्रीमंताचा वाया गेलेला मुलगा. आई नाही. पितो, मारामाऱ्या करतो. सायली नावाच्या मुलीचा भर कॉलेजात हात धरतो, सोडत नाही. ती रडते. आणि मग म्हणे तिच्या हृदयाची धडधड वाढते! कसली धडधड? पोलिसांत द्यायला पाहिजे त्याला.

संध्याकाळपर्यंत सहा भाग झाले.

५ जुलै, शुक्रवार

संघप्रियाला विचारलं, तुझी आई हे वाचायची, तुला ठाऊक होतं का? ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, “येस बाबा. डायलिसिसला वाचायची. चार तास काय करणार? आय टोल्ड हर, इट्स सो टॉक्सिक.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, मले काय दिसत नाही काय तो वाईट हाये ते?”

पोरगी अख्खं वाक्य आईच्या वऱ्हाडीत बोलली.

डायलिसिसला मी सुमनला दारात सोडून कामावर जायचो. मला वाटायचं, ती झोपून राहते.

जाता जाता पोरगी म्हणाली, फोनमधले आईचे फोटो सुजीतला पाठवू का? मी पेपर उघडला. पोराशी मी तीन वर्षं बोलत नाही. ती निर्णय घेऊन झालेली गोष्ट आहे.

८ जुलै

एका गोष्टीचा त्रास होतोय. लिहूनच टाकतो.

प्रत्येक भागाखाली वाचक आपलं मत लिहितात. नवव्या भागाखाली तिचं नाव दिसलं — ‘सुमन, बहारीन’. आणि एक ओळ : “माहा जीव तुटते याच्यासाठी.”

याच्यासाठी! मी कधी दारू प्यालो नाही. तिच्यावर हात उचलला नाही. पगार आणून हातात दिला. एकोणतीस वर्षं. आणि जीव तुटतो त्या मोटरसायकलवाल्यासाठी?

पुढे वाचायचं नाही. खलास.

९ जुलै

वाचलं. सोळावा भाग चांगला लिहिलाय, हे मान्य करावं लागेल.

११ जुलै

कामिलला सांगितलं. वसईचा कामिल, अठरा वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर आहे, त्याच्यापासून काय लपवणार? वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, “आमच्या शर्लीकडे असली चाळीस आहेत. बायका त्या पोराच्या प्रेमात नसतात रे. प्रत्येकीला वाटतं, मला मिळाला असता तर मी याला माणसात आणला असता.”

मी म्हटलं, “म्हणजे जो आधीच माणसात आहे, त्याच्याकडे कोण बघणार?”

तो म्हणाला, “हरिदास, तू चहा पी.”

१४ जुलै

भाग सत्तावीस. विक्रांत तापाने फणफणून एका गॅरेजमध्ये पडलाय. सायली रुसलेली. खाली सुमन : “ताप भरला याले, अन् कपाळावर हात ठेवाले कोणी नाही.”

भाग एकोणतीस. सायलीचे वडील शाळामास्तर. सरळ माणूस. विक्रांतला सांगतात, माझ्या घराची पायरी चढलास तर याद राख. मला मास्तर पटले. मनात म्हटलं, शाब्बास! खाली दीडशे बायकांनी मास्तरांना शिव्या घातल्यात. सुमनने शिवी दिलेली नाही. तिने लिहिलंय : “बापाचं काय जाते? बोलून मोकळा. घरातल्या बाईनं मंग कुठं पाहावं?”

ही ओळ तीनदा वाचली. गाडीचा एसी चालू असूनही बनियन भिजलं.

१६ जुलै

सुट्टी. घरीच. वाचलं नाही. फोन कपाटात ठेवून दिला.

१७ जुलै

कपाटातून काढला.

भाग अडतीस. विक्रांतची मोटरसायकल घसरते. खांद्याचं हाड मोडतं. सायली पट्टी बांधते वगैरे, पानभर शृंगार. मी ते पान पटकन सरकवलं. खाली सुमन :

“माह्या पोराचं बी हेच हाड मोडलं होतं. डावं. बरं झाल्यावर बी थंडीत दुखते त्याले. वाईट हाये, माईत हाये मले. पण वाईट झाला म्हणून टाकून देता येते काय?”

विक्रांत नव्हेच. पहिल्यापासून नव्हे. सुजीत!

आणि मी दहा दिवस एका चित्रातल्या पोराचा मत्सर करत बसलो होतो. वर्कशॉपच्या मागे, गाडीत बसून रडलो. कामिल काचेपर्यंत आला, आणि न थांबता पुढे गेला.

१८ जुलै

नीट लिहितो. कुठेच लिहिलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी सुजीतने माझ्या कंपनीची पिकअप न विचारता नेली. पिऊन. उलटली. त्याचं हाड मोडलं, बरोबरच्या मुलाचे दोन दात गेले. मी मॅनेजरसमोर तासभर उभा होतो. व्हिसा जातो की काय अशी वेळ. ज्या माणसाने बावीस वर्षांत एक लेट मार्क घेतला नाही, त्याला “युअर सन” म्हणून ऐकावं लागलं.

पोरगा प्लॅस्टर घालून घरी आला, तेव्हा मी दारातच सांगितलं, या घराची पायरी चढायची नाही. चूक झाली म्हणाला. मी दार लावलं. सुमनला सांगितलं, तुझाही त्याच्याशी संबंध नको. ती स्वयंपाकघरात उलथनं हातात धरून उभी होती. काही बोलली नाही. मी समजलो, तिला पटलं.

सुमनला निरोप दिला त्या दिवशी तो आला होता. वंदनेला सगळ्यांत मागे बसला. माझ्या समोरून गेला. मी त्याच्या बुटांकडे बघत राहिलो.

२१ जुलै, रविवार

पौर्णिमा. वर्षावास सुरू. संध्याकाळी बौद्ध मंडळाच्या हॉलवर ग्रंथवाचन होतं. माझी पाळी होती, वाचलं. आवाज चांगला लागला असं लोक म्हणाले. मैत्री आणि करुणेवरचं पान होतं.

२३ जुलै

सुमनचे एकेचाळीस भाग संपले. शेवटच्या भागाखाली तिने काही लिहिलेलं नाही. पुढचे मी एकट्याने वाचले. चव गेली.

२४ जुलै

कादंबरी संपली! विक्रांत सुधारतो. एका लग्नाने! दारू सुटते, धंद्याला लागतो. छे! असं कुठे होतं? आणि मनगट धरलं, गावभर तमाशा केला, ते सगळं सायलीने विसरायचं? उद्या असा कोणी संघप्रियाच्या मागे लागला तर मी आजही मास्तरच होईन. त्यात बदल नाही.

पण राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. मास्तरांना लेखिकेने दोन ओळींत वळवलंय. ‘त्यांनी विक्रांतला छातीशी धरले. डोळ्यांतून धारा लागल्या.’ बस्स? कसे गेले त्याच्यापर्यंत? दारात काय बोलले? पहिला शब्द कोणता? तेवढंच लिहायचं होतं, आणि तेवढंच लिहिलं नाही!

२६ जुलै, शुक्रवार

मुहर्रकला सुजीतकडे गेलो. आमच्या घरापासून, उम्म अल हस्समपासून, वीस मिनिटं. तीन वर्षं, आणि वीस मिनिटं!

सुजीत विमानतळावर कार्गोत आहे. खोलीचा पत्ता संघप्रियाने दिला, एका शब्दाने काही न विचारता. खाली शिंप्याचं दुकान, वर जिना. दार त्यानेच उघडलं. बारीक झालाय. दाढी ठेवलीय. मला बघून त्याचा चेहराच उतरला.

“बाबा? काय झालं? संघू ठीक आहे ना?”

मी आलो म्हणजे काहीतरी वाईटच झालं असणार, असं माझ्या पोराला वाटलं.

“ठीक आहे,” म्हटलं. छातीशी वगैरे धरलं नाही. खोलीत खिडकीचा एसी खडखडत होता. मी विचारलं, “हा किती दिवस असा वाजतो?”

“दोन उन्हाळे.”

“फिल्टर कधी धुतलास?”

“फिल्टर असतो?”

एसी मेकॅनिकचा पोरगा! स्टुलावर चढलो. फिल्टर काढला, बेसिनमध्ये धुतला. चिकट काळं पाणी निघालं. तो टॉवेल धरून बाजूला उभा होता. फॅनचा स्क्रू सैल होता, तो आवळला. आवाज थांबला. मग खोलीत एकदम शांतता झाली आणि काहीतरी बोलणं भाग पडलं.

मी म्हटलं, “त्या दिवशी दार लावायला नको होतं.”

त्याने टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, “मी पिऊन गाडी चालवली होती, बाबा.”

“हो. ते वाईटच होतं.”

“हो.”

एवढंच. चहा केला त्याने. साखर जास्त.

२७ जुलै, शनिवार

कालचं एक लिहायचं ठेवलं होतं. हात धजला नाही.

निघताना जिन्यात सुजीत म्हणाला, “आई दर शुक्रवारी यायची इथे. डायलिसिस सुरू झाल्यावरही. कामिल अंकल सोडायचे.”

मला सांगायची, महिला मंडळात जाते. कामिलला ठाऊक, संघप्रियाला ठाऊक. आणि मी लोकांना अभिमानाने सांगत आलो की सुमनने माझा शब्द कधी मोडला नाही!

आज दिवसभर राग येण्याची वाट बघितली. आला नाही. माझं तिने ऐकलं नाही, हे किती बरं झालं.