वरचा बाण

१४ जुलै, सोमवार

सात मेल गेले. माझ्याच बोटानं.

ऑफिसात कुणाला बोलले नाही. इथं तरी सरळ लिहावं.

नर्सिंगच्या वर्गाला अर्ज द्यायची आज शेवटची तारीख. संस्था अर्ज फक्त मेलवर घेते, आणि मेलची पेटी एवढीशी – दहा-बारा जणींच्या मार्कलिस्टा फोटोसकट आल्या की तुंबते. म्हणून आमच्याच ऑफिसातल्या मृत्युंजयनं पुण्याची नोकरी धरायच्या आधी जुन्या कॉम्प्युटरवर तो काळा पडदा बसवून दिला. माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसत्या ओळी. पहिली ओळ दिली की पेटीतले मेल ओढले जाऊन आपल्याकडे जमा होतात. दुसरी दिली की पेटी रिकामी होते. आधी पहिली, मग दुसरी. तीन वर्षांत हा क्रम कधी चुकला नाही.

ओळी लांबलचक. रोज कोण टाईप करणार? वरच्या बाणाचं बटण दाबलं की शेवटची दिलेली ओळ परत येते. दोनदा दाबलं की तिच्या आधीची. मग एंटर. मला त्या पडद्यावर थोडं मिरवायचीही हौस आहे, हे कबूल. ओळीच्या सुरुवातीला एका झटक्यात जायचं, चुकलेला शब्द एका झटक्यात खोडायचा. नवीन क्लार्क मुली बघत राहतात.

दुपारी एक वाजता दोन्ही ओळी दिल्या, पेटी रिकामी केली. पाच चाळीसला परत मेल ओढायला बसले. फोन खांद्यात धरलेला – कुणीतरी विचारत होतं, रेशनकार्ड जोडायचं का. बाण एकदाच दाबला. दोनदा दाबायला हवा होता. न वाचता एंटर.

सातपैकी एक, पुसला. सातपैकी दोन, पुसला. शेवटपर्यंत बघत बसले. मध्येच थांबवता येतं – दोन बटणं एकत्र दाबायची, एवढंच. मला ती माहीत आहेत. हात उठला नाही.

१५ जुलै

मृत्युंजयला फोन केला. आधी हसला. "ताई, तुम्ही? अहो, तुम्ही तर आता मला शिकवाल." मग म्हणाला, "त्या मेलच्या प्लॅनला बॅकअप नाही हो. तेव्हाच सरांना म्हटलं होतं, घ्या म्हणून."

निदान नावं तरी कळतील? नाही. नोंदीत फक्त कितवा मेल आणि केवढा मोठा, एवढंच. तिसरा सगळ्यात मोठा आहे. त्यात फोटो असणार. ओढणी नीट करून कुणीतरी काढून घेतलेला.

एक गोष्ट बरी. पाठवणाऱ्याच्या फोनात तिची स्वतःची प्रत राहते. आपण इथलं पुसलं म्हणून ती जात नाही, तिथवर आपला हात पोचतच नाही. म्हणजे सातही जणींकडे पुरावा आहे. पण मागू कुणाकडे? कोण ते मला माहीत नाही, आणि आपला अर्ज गेला हे त्यांना माहीत नाही.

सरांना सांगायला दोनदा उठले. एकदा त्यांच्याकडे माणसं बसली होती. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं.

१६ जुलै

आज फार वाईट वागले.

मंद्रूपहून बिरुदेव म्हणून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, घोंगडी खांद्यावर, चप्पल दारातच काढून आत आले. बरोबर मुलगी – सृष्टी, यंदा बारावी झालेली.

"म्याडम, आमच्या पोरीचा अर्ज पोचला का न्हाय, तेवडं बघा की. सोमवारी सांजच्याला पाठवलाय म्हनती."

सोमवारी संध्याकाळी. म्हणजे त्या सातांतलाच. तरी यादी उघडली, नाव शोधल्यासारखं केलं. यादीत ते नसणार हे मला ठाऊक होतं.

"पोचला नाही," म्हटलं. नुसतं तेवढंच. जसा काही दोष रस्त्याचा.

"आसं कसं? पोरगी खोटं बोलंल व्हय? मेंढरं सोडून गाडी धरून आलोय म्याडम. परत एकदा बघा की."

परत एकदा बघितल्यासारखं केलं. मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "राहू द्या आबा. चला."

केवढी समजूतदार! एवढ्याशा वयात माझ्यासारखीला माफ करून मोकळी झाली, असं वाटलं. बिरुदेव जाताना फोन नंबर लिहून देऊन, हात जोडून गेले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जुलै

काम केलं. १०६ अर्जांची छाननी यादी तयार. ती ११३ची असायला हवी.

१८ जुलै

रात्री घरी जेवताना यशपाल म्हणाले, "आमटीत मीठ दोनदा पडलंय. म्हणजे ऑफिसात काहीतरी झालंय."

सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "चूक झाली ती सोमवारी. बुधवारी झालं ती चूक नव्हती."

हेच मी तीन दिवस स्वतःला सांगायचं टाळत होते. सोमवारी बोट घसरलं. बुधवारी जीभ घसरली असं म्हणता येणार नाही. मी विचार करून बोलले. त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बोलले. सप्टेंबरात माझं कंत्राट संपतं, ते नवं होईल की नाही याचा हिशेब तेव्हा डोक्यात चालू होता. मीच सृष्टीच्या जागी असते तर? आमच्या वस्तीतून कॉलेजात जाणारी मी तिसरी मुलगी. माझा फॉर्म कुणा क्लार्कनं असाच हरवला असता तर आज कुठं असते?

"सांगून टाक," यशपाल म्हणाले. "नोकरीचं बघू. आणि उद्या मीठ मी टाकतो."

१९ जुलै, शनिवार

सरांना सांगितलं. महादेवप्पा सर चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सात कोण कोण, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही सर."

"मग मॅडम, आपल्या दृष्टीनं ते आलेच नाहीत."

"पण आले होते सर. मी बघितले."

"तुम्ही आकडा बघितला. अर्ज बघितला नाहीत." वकिली भाषेत हे ठीक होतं. मला क्षणभर पटलंसुद्धा – हेच लिहायला लाज वाटते. उठून यायला किती सोपं होतं! पण बसून राहिले. म्हटलं, वेबसाईटवर सूचना टाकू. सोमवारी दुपारनंतर ज्यांनी अर्ज पाठवला त्यांनी आपल्या फोनातला मूळ मेल जसाच्या तसा पुढे पाठवावा. मूळ तारीख-वेळ त्यात दिसतेच, खोटा दावा चालणार नाही.

"संस्थेची चूक झाली असं त्यात लिहायचं नाही."

"माझी झाली असं लिहिते."

"लिहा. मेमोही घेऊन जा मग सोमवारी." त्यात राग नव्हता. ऑफिसची रीत, एवढंच.

२१ जुलै

सूचना लागली. खाली माझं नाव. मेमो मिळाला. 'अक्षम्य निष्काळजीपणा' हा शब्द मला थोडा जास्त वाटला. मग वाटला नाही.

मुदत शुक्रवारपर्यंत. बिरुदेवांना मीच फोन लावला. चूक आमच्याकडून झाली, माझ्याकडून झाली, बुधवारी मी खरं सांगितलं नाही, असं सगळं एका दमात बोलले. आता ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते.

"आवो मग चांगलंच की!" ते म्हणाले. "म्हंजी पोरगी खरंच बोलत हुती. मी घरात लई बोललो तिला. आत्ता सांगतो, लगीच पाठवती."

त्यांच्या मागे मेंढरांचा आवाज येत होता. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

२२ जुलै

तीन आले. एक मंगळवेढ्याचा, दोन शहरातले. तिन्हींवर १४ तारीख. वेळ पावणेदोन, चार, साडेचार. आकार नोंदीशी ताडून बघितले – जुळतात. तिसरा, तो सगळ्यात मोठा, राजनंदिनी नावाच्या मुलीचा. फोटोत ओढणी नाही. युनिफॉर्म आहे.

सृष्टीचा नाही.

२३ जुलै

अजून दोन. सृष्टीचा नाही. रेंज नसेल.

आता एंटरच्या आधी ओळ मोठ्यानं वाचते. क्लार्क मुली हसतात. हसू देत.

२४ जुलै

सहावा आला. आता एकच राहिला, तो तिचाच. दुपारी बिरुदेवांना फोन केला. "पाठवलाय म्हनती की." मी म्हटलं, मूळ मेल पाठवायला सांगा, नवा नको. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. "सांगतो, सांगतो."

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी अकराला सातवा आला. अक्कलकोटची मुलगी. १४ जुलै, पाच वाजून दहा मिनिटं. आकार जुळला.

सातपैकी सात.

परत ताडलं. एकेक करून, पेन्सिलनं खुणा करत. सात खुणा. सृष्टीच्या अर्जाला जागाच नाही. तो कधी आलाच नव्हता.

म्हणजे त्या बुधवारी 'पोचला नाही' म्हटलं ते खरं होतं. पण मला ते माहीत नव्हतं. मी खोटं म्हणूनच बोलले होते. मग ते काय धरायचं? मला तरी ते खोटंच वाटतं.

सर यादीवर सही करताना म्हणाले, "एकशे तेरा. झालं ना समाधान?" हो म्हटलं.

२६ जुलै

दुपारी सृष्टीचा फोन. स्वतःहून. हळू आवाजात – कुठंतरी आडोशाला उभी असावी.

"म्याडम, मी पाठवलाच न्हवता."

माहीत आहे, म्हटलं. ती जरा घाबरली.

"मला न्हाय जायचं नर्सिंगला. रक्त बघितलं की मला गरगरतं. शेळी व्याली तरी मी भाईर जाते. आबांनी समद्या गावाला सांगितलंय, पोरगी नर्स हुनार म्हनून. त्यांना कसं सांगू?"

"मग तुला काय करायचंय?"

"बी.कॉम. मामानं सोलापुरात नाव घातलंय. नर्सिंग हुकलं तर आबा नको म्हननार न्हाईत. आपनहून नको म्हटलं तर मात्र..." मग एकदम, "तुमी त्यांना सांगनार का?"

एवढे दिवस मी जिच्यापुढे अपराधी होते, ती मला घाबरून विचारत होती. तुझं तू सांग, म्हणायला हवं होतं. म्हटलं मात्र, "विचारलं तर बघते."

"मी सांगते त्यांना काय तरी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

२७ जुलै, रविवार

दिवसभर कपडे, डबे, जिना पुसणं. विचारलं तर काय सांगणार? दर तासाला वेगळं उत्तर.

२८ जुलै, सोमवार

बिरुदेवांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त लागलं. "म्याडम, येवडंच सांगा. मूळचा मेल पोरीच्या फोनात न्हाय. तुमी तिकडं पुसलं की हिकडचं बी जातं, आसं ती म्हनती. खरं हाय का?"

खरं आहे, म्हटलं.