बुक्स्टेहूडला एक मत

३ फेब्रुवारी, सकाळी ७
वहीची माफी. रोज लिहायचं ठरवून नऊ दिवस झाले, पहिली ओळ आज. कारण मोठं आहे. नात रचना पुण्यात व्हायोलिन वाजवते. तिने मोबाईलवर विचारलंय, तीनशे वर्षांपूर्वीच्या विलायती संगीतकारांत आवडता कोण. नावं चार: बाख, विवाल्डी, हँडल, टेलेमान. जास्त मतं ज्याला, त्याचं वाजवणार.
विचारलंय घरच्या ग्रुपवर, सगळ्यांना. पण बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरनेट वाजवलेला ग्रुपमध्ये मी एकटाच. नुसतं मला विचारलं असतं तर बाकीचे रुसले असते. पोरगी समजदार.
ठराव: चौघांना नीट ऐकूनच मत. तोवर ग्रुप उघडायचा नाही. डोळ्यात मोतीबिंदू, बोट जाड. चुकून टेलेमानला लागलं तर काय करायचं?

५ फेब्रुवारी
विवाल्डी ऐकला. चार ऋतूंचे चार तुकडे. आपल्याकडे ऋतू तीन. चौथ्याला झोप लागली.
त्याला दमा होता म्हणे. मलाही थोडा आहे. सध्या तोच पुढे.
शेजारची कमळवहिनी कुंपणावरून म्हणाली, दादा, सकाळपासून कुनाची वरात वाजते ही, नवरा काय पोचत न्हाय. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी
ग्रुपवर हिरव्या गोळ्यात १४ आकडा. प्रचार सुरू झाला असणार. आपण बधत नाही.
आज हँडल. राजा नावेतून निघाला, बाजूच्या नावेत पन्नास वाजवणारे. आम्ही एकदा मांडव्याला होडीत वरात वाजवली होती. ढोलवाला ओकला. पाण्यावर वाजवणाऱ्याला मी मानतो.
मात्र हँडल आणि बाख, दोघांचे डोळे एकाच डॉक्टरने कापले आणि दोघेही आंधळे झाले. माझ्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. हा भित्रेपणा नाही, अभ्यास आहे.

१३ फेब्रुवारी
टेलेमान बाद. तीन हजारांवर चिजा लिहिल्यात. इतकं ऐकायला माझं वय राहिलं नाही.
बाखला वीस मुलं. दहा जगली. दहातलं एक तरी रोज विचारत असेल, बाबा जेवलात का. माझा एकच मुलगा, रचनाचा बाप. रविवारी फोन करतो. कधी रविवार चुकतो.
बायको, चंदाबाई, गेल्यापासून घरात बोलतो तो मोबाईलच. विचारलं की उत्तर देतो. आपल्याला काही विचारत नाही.

१६ फेब्रुवारी
रचनाचा फोन आला. तीनदा. उचलला नाही. निर्णय झालेला नाही आणि तोंडी मत बाद धरतात.
कमळवहिनी आली. म्हणाली, पोरीनं मला फोन केलाय, निरोप हाय. मी म्हटलं, मतदानाआधी निरोप घेत नाही, मतदारावर दबाव येतो. ती म्हणाली, मग बसा मतपेटीत. गेली. संध्याकाळची आमटी आली नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी २
निर्णय झाला.
बाख वीस वर्षांचा होता. लांब कुठे एक म्हातारा ऑर्गन वाजवतो असं कळलं. चार आठवड्यांची रजा काढून चारशे किलोमीटर पायी गेला. चार महिने राहिला. परत आल्यावर वरिष्ठांची बोलणी खाल्ली.
म्हाताऱ्याचं नाव बुक्स्टेहूड. दहा वेळा म्हटलं तेव्हा जिभेवर बसलं. त्याची एक चीज लावली आणि शेवटपर्यंत जागा राहिलो.
यादीत नाव नाही. रचनाची नजरचूक असेल, बोलणार नाही. मत मिळालं की ती इथे नागावला येऊन त्याचंच वाजवणार. पडवीतली खुर्ची पुसून ठेवली. क्लॅरनेटला तेल दिलं.
रविवारी मत देणार.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६
आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ग्रुप उघडला. ४७ मेसेज. भिंग लावून एकेक वाचला.
मतदान सात तारखेलाच संपलं. विवाल्डी, एकोणीस मतं.
त्याखाली रचना: कार्यक्रम अलिबागला, २२ तारखेला, सकाळी अकरा.
त्याखाली: आबा, गाडी पाठवते, फक्त हो म्हणा.
सोळाला पुन्हा. काल पुन्हा: आबा, माझ्यावर रागावलात का?
मग आजचे फोटो. रचना काळ्या साडीत. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी. तिच्यावर कोणाची तरी पिशवी.
शेवटी: सगळ्यांची एकच बस, चार वाजता पुण्याला निघालो.
कमळवहिनीला विचारलं, काय निरोप होता. म्हणाली, गाडीचाच. आमटी आणून ठेवली.
नागावहून अलिबाग नऊ किलोमीटर. रिक्षा मिळते.

२३ फेब्रुवारी, सकाळी
रचनाला लिहिलं. पाठवण्याआधी इथे उतरवतो.
बाळा, उत्तराला उशीर झाला. मत बुक्स्टेहूडला, एक. मोजू नकोस. रागावलो नव्हतो. मेसेज उघडायला घाबरत होतो. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा ठरवतोय, सोबत घरचं कोणी लागतं म्हणतात. तुला कधी जमेल ते लवकर कळव. लिहायला वेळ नसेल तर फोन कर. आता उचलतो.