सेजलच्या जबड्याचा रिपोर्ट

मुंबई, रविवार

ती. आण्णांना दर्शनाचा नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. सेजल मऊ भात पोटभर जेवते. फोन तुम्ही स्पीकरवर लावता आणि आई ऐकते, म्हणून लिहिते आहे.

आमच्या डेंटल कॉलेजात तिच्या जबड्यातल्या गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, हे खरं. पण तुम्ही वाडीत पेढे वाटले, ती घाई झाली. ही गाठ क्वचितच कुणाला होते. ती जीव घेत नाही, पण जबडा आतून पोखरते. नुसती खरवडली तर पुन्हा वाढते. त्यामुळे उजवीकडचा खालचा जबडा दातांसकट काढावा लागेल. पायाचं हाड तिथे बसवतील.

नाते गावाहून तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. "कॅन्सर नाय ना? मग लगीन होऊन जाऊ दे, फोटो तरी सरळ येतील. मंग काय कापायचं ते कापा." सेजल शेजारीच बसली होती.

त्यांना तुम्हीच सांगा, ऑपरेशन आधी होईल. लग्न मोडलं तर मोडू दे. आईचा गुडघा कसा आहे?

काल सेजलने विचारलं, "ताई गो, मी हसले की वाकडी दिसेन?"

आण्णा, हे सगळं शिकलेली मीच. मला 'नाही' म्हणता आलं नाही.

जपून राहा.
तुमची दर्शना